संदर्भ दिला, पण त्याचे पुढे काय केले?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रॉक संगीतातील ग्रीक पुराणकथा आणि तत्त्वज्ञान या विषयावरचा लेख वाचला. असा विषय मराठी वर्तमानपत्रात आला याचा आनंद झाला. लेखाचा सूर मात्र मला पटला नाही. लांब केस वाढवून गिटार वाजवणाऱ्या तरुणांनी रोमन कवी ओव्हिड आणि जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांची नावे घेतली, याचे लेखकाला इतके अप्रूप वाटले आहे की, त्या तरुणांनी ओव्हिडचे आणि नीत्शेचे केले काय, हे विचारायचे राहूनच गेले. मी निवृत्त होईपर्यंत बी.ए.च्या वर्गांना पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवले. उत्तरपत्रिकेत प्लेटोचे नाव आले म्हणून आम्ही गुण देत नसू, प्लेटो कसा वाचला आहे ते पाहत असू. गाण्यालाही हीच कसोटी लावावी असे मला वाटते. तसे करणे म्हणजे त्या गीतकाराला गंभीरपणे घेणे.

लेखात कॅनडाच्या 'रश' या बँडला तीन ओळी मिळाल्या आहेत. टोरंटोच्या विलोडेल भागात १९६८ मध्ये सुरू झालेला हा बँड. गेडी ली बास वाजवणारा आणि गाणारा, अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर, आणि १९७४ पासून ड्रमवर नील पिअर्ट. गाण्याचे बहुतेक सगळे शब्द या ड्रमरचे. शाळा अर्धवट सोडलेला, वडिलांच्या शेती-अवजारांच्या दुकानात काही काळ काम केलेला हा माणूस दौऱ्यांवर सतत वाचत असे. विद्यापीठाची पायरी न चढता त्याने जे वाचले, त्याच्या खुणा गाण्यागाण्यांत आहेत. काही ठिकाणी त्या वरवरच्या आहेत, हे आधी मान्य करते. 'बाय-टॉर अँड द स्नो डॉग' या सुरुवातीच्या गाण्यात ग्रीक पाताळ आणि तिथली स्टिक्स नदी येते ती केवळ देखावा म्हणून. तिथे शोधण्यासारखे काही नाही.

'२११२' ची गोष्ट निराळी आहे. १९७६ च्या या अल्बमची पहिली बाजू म्हणजे सलग वीस मिनिटांची एकच कथा. आधीचा अल्बम पडला होता, कंपनीला रेडिओवर वाजतील अशी आटोपशीर गाणी हवी होती, आणि या तिघांनी नेमके उलट केले. भविष्यकाळात सगळ्या ग्रहांवर एका महासंघाची सत्ता आहे. लोकांनी काय वाचायचे, काय गायचे, कोणती चित्रे पाहायची हे सारे सिरिंक्सच्या मंदिरांतले पुजारी ठरवतात. एका तरुणाला धबधब्यामागच्या गुहेत एक जुनी गिटार सापडते. ती काय वस्तू आहे हेही त्याला ठाऊक नसते. इथे लाइफसन जे वाजवतो ते मुद्दाम ऐकावे. पाण्याचा आवाज, मग एकेक मोकळी तार, मग तारा सुरात लावणे, हळूहळू दोन-तीन स्वर जुळणे, आणि शेवटी गाणे. वाद्य पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसाचा सगळा प्रवास दोन-तीन मिनिटांत कानांना ऐकू येतो. तरुण ती गिटार आनंदाने पुजाऱ्यांपुढे नेतो. ते म्हणतात, असल्याच खेळण्यांनी जुन्या जगाचा नाश केला, आणि मुख्य पुजारी ती पायाखाली चिरडून टाकतो.

आता सिरिंक्स कोण? आपल्या लेखात 'एक ग्रीक अप्सरा' एवढेच आहे. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'च्या पहिल्या सर्गात तिची कथा येते. पॅन हा रानदेव तिच्यामागे लागतो, ती पळते, नदीकाठी वाट संपते, बहिणींना हाक मारते आणि बोरूंमध्ये तिचे रूपांतर होते. पॅनच्या हाती बाई येत नाही, बोरू येतात. त्याचा उसासा त्या बोरूंतून जातो, सूर उमटतो, आणि तो त्यांची पावरी करतो. म्हणजे संगीत इथे एका छळातून, एका हरवलेल्या देहातून जन्मते. पण मला याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, ही कथा ओव्हिडमध्ये कोण कोणाला सांगतो आहे. शंभर डोळ्यांचा आर्गस पहाऱ्यावर आहे. त्याला मारायला देवराज ज्युपिटरने देवदूत मर्क्युरीला पाठवले आहे. मर्क्युरी पावरी वाजवत बसतो आणि ही पावरी कशी जन्मली याची गोष्ट सांगू लागतो. गोष्ट पुरी व्हायच्या आतच आर्गसचे सगळे डोळे मिटतात आणि मर्क्युरी त्याची मान उडवतो. सिरिंक्सची कथा तिथे पहारेकऱ्याला झोपवण्याचे साधन आहे. ज्या पुजाऱ्यांनी गाणी आणि चित्रे पुरवून सगळ्या ग्रहांना शांत, समाधानी आणि निद्रिस्त ठेवले आहे, त्यांच्या मंदिरांना या अप्सरेचे नाव किती नेमके बसते! संगीताच्या जन्मकथेच्या नावाने उभ्या राहिलेल्या देवळातच संगीत चिरडले जाते. इतका जोड लागतो तेव्हा त्या नावाला शोभेचे नाव म्हणता येत नाही.

याच अल्बमवर पिअर्टने एकट्या व्यक्तीच्या कर्तृत्वाला सर्वोच्च मानणाऱ्या अमेरिकन लेखिका आयन रँडच्या प्रतिभेचे जाहीर ऋण मानले, आणि त्याचे परिणामही बँडने भोगले. १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने त्यांच्यावर फॅसिस्ट विचारांचा शिक्का मारला. गेडी लीचे आई-वडील म्हणजे ऑशविट्झसारख्या नाझी छळछावण्यांतून वाचलेले पोलंडमधले ज्यू. त्या घरातल्या मुलाला हे शब्द कसे लागले असतील! आपल्या लेखकांनी 'रँडवादी बँड' हे बिरूद तसेच पुढे चालवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रँडच्या 'अँथम' या १९३८ च्या लघुकादंबरीत समूहाच्या राज्यात एक तरुण विजेचा दिवा पुन्हा शोधून काढतो, विद्वानांच्या सभेपुढे नेतो, आणि ते तो नाकारतात. इथवर साम्य उघड आहे. पुढे मात्र वाटा फुटतात. रँडचा नायक दिवा स्वतः प्रयोग करून बनवतो; तो पळून जातो, जगतो, जिंकतो, नवे जग उभारण्याची प्रतिज्ञा करतो. पिअर्टचा तरुण गिटार बनवत नाही. ती त्याला सापडते. ती कोणा पूर्वजाने बनवलेली आहे, तिच्या तारांची रचना पिढ्यांनी ठरवलेली आहे, आणि तो ती सुरात लावायला शिकतो तेव्हा अनोळखी मृतांकडून काहीतरी घेत असतो. पुढे स्वप्नात त्याला त्या जुन्या लोकांचे सुंदर जग दिसते, आणि त्या जगाशिवाय जगणे नको म्हणून तो प्राण देतो. एकट्या निर्मात्याच्या पराक्रमाची ही कथा नाही. वारसा हिरावून घेतलेल्या माणसाची ही कथा आहे. रँडकडून सांगाडा घेऊन पिअर्टने आत जे भरले त्याने रँडचा मूळ सिद्धान्तच डळमळतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या काळात त्यानेही स्वतःला रँडपासून दूर केले. २०१२ मध्ये 'रोलिंग स्टोन'ला मुलाखत देताना दुबळ्यांविषयी कळवळा असलेला स्वातंत्र्यवादी अशी ओळख त्याने सांगितली. मला त्याचे बीज १९७६ मधल्या त्या गुहेतच दिसते.

ह्यू साइमने या अल्बमसाठी काढलेले चित्र, लाल ताऱ्यासमोर हात उभारून मागे रेलणारा नग्न पुरुष, हे पुढे बँडचे चिन्हच झाले. नग्नता अभिजात शिल्पपरंपरेतून घेतली आहे, माणूस आपल्या निर्मितीसह निखळ उभा आहे, असे साइमने सांगितले आहे. तारा म्हणजे महासंघ. लेखात या चित्राला 'धक्कादायक' म्हटले आहे. ग्रीक शिल्पांची छायाचित्रे पाहिलेल्या वाचकाला त्यात धक्का बसण्यासारखे काय आहे?

आता जिथे माझे पिअर्टशी भांडण आहे तिथे येते. १९७८ च्या 'हेमिस्फिअर्स' या अल्बममध्ये अठरा मिनिटांची एक कथा आहे. ग्रीक देव अपोलो माणसांना बुद्धी देतो. ते नगरे बांधतात, पण एक दिवस जगण्यातला रस जातो. दुसरा देव डायोनिसस प्रेम देतो; ते नगरे सोडून रानात जातात, नाचतात, गातात, आणि हिवाळा त्यांना बेसावध गाठतो. लांडगे येतात, उपासमार होते. मग माणसे दुभंगतात, लढतात, आणि कृष्णविवरातून देवांच्या ऑलिम्पसवर आलेला एक मर्त्य मानव, सिग्नस, त्यांना समतोल शिकवतो. त्याच्या यानाचे नाव रोसिनान्ते, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. ही कल्पना मला फार आवडते.

नीत्शेवरच्या माझ्या तासानंतर एकदा एका विद्यार्थ्याने या अल्बमची कॅसेट आणून दिली आणि विचारले, "मॅडम, अपोलो म्हणजे बुद्धी आणि डायोनिसस म्हणजे भावना, असंच ना?" असे नाही. १८७२ च्या 'शोकांतिकेचा जन्म' या ग्रंथात नीत्शेचा अपोलो हा स्वप्नाचा, प्रतिमेचा, रेखीव आकाराचा देव आहे. डायोनिसस उन्मादाचा आणि संगीताचा. कोरडी, सगळ्याचा हिशेब मागणारी बुद्धी तिथे सॉक्रेटिसच्या रूपाने येते, आणि नीत्शेच्या मते तीच शोकांतिकेचा जीव घेते. पिअर्टने सॉक्रेटिसला अपोलोची वस्त्रे चढवली. अल्बमच्या कव्हरवर तर ती अक्षरशः दिसतात: मेंदूच्या एका अर्ध्यावर नग्न नर्तक, दुसऱ्यावर सूट आणि गोल टोपी घातलेला गृहस्थ. ग्रीकांचा लायर हे तंतुवाद्य वाजवणारा, संगमरवरात विवस्त्र उभा असलेला अपोलो या सूटमध्ये ओळखू येत नाही. शिवाय नीत्शेला दोघांचा तह नको होता. दोघांच्या ताणातून शोकांतिका जन्मते असे तो म्हणतो. पिअर्टचा समतोल अ‍ॅरिस्टॉटलच्या मध्यममार्गाला अधिक जवळचा आहे. पुढे मी दरवर्षी वर्गात ही कथा सांगून चूक कुठे आहे ते शोधायला लावत असे, आणि त्या तासाइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्याही तासाला होत नसे. वाचून केलेली चूक वर्गाला पुष्कळ काही देते.

त्या मानाने १९८० चे 'फ्रीविल' नेमके आहे. न निवडणे हीसुद्धा निवडच, हे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४५ च्या व्याख्यानात मांडलेले सूत्र तिथे गाण्याच्या एका ओळीत मावले आहे.

लेखाच्या शेवटी लेखक विचारतात की, विसाव्या शतकातल्या वाद्यवृंदाला हजारो वर्षांपूर्वीच्या देवांची गरज काय. हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याचे मला नवल वाटले. खाडिलकरांनी १९०७ मध्ये महाभारतातला कीचक रंगमंचावर आणला तेव्हा प्रेक्षकांना त्यात लॉर्ड कर्झन दिसला, आणि सरकारलाही तो दिसला म्हणून १९१० मध्ये 'कीचकवध' नाटकावर बंदी आली. जुनी कथा आजच्या सत्तेविषयी कशी बोलते, हे आपल्याला बाहेरून कोणी शिकवायला नको.

पिअर्ट ७ जानेवारी २०२० रोजी मेंदूच्या कर्करोगाने गेला. २०१२ च्या 'क्लॉकवर्क एंजल्स' या शेवटच्या अल्बमसाठी तो फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरच्या 'कांदीद' या कथेकडे वळला होता. त्याविषयी लिहायचे तर स्वतंत्र पत्र लागेल.

लेखकांना माझी एक विनंती आहे. यादीतले डझनभर बँड बाजूला ठेवून त्यांनी '२११२' मधला गिटार सापडण्याचा भाग ऐकावा, ओव्हिडचा पहिला सर्ग शेजारी उघडावा आणि त्या एकाच गाण्यावर लिहावे. माझे वाचन त्यांना चुकीचे वाटले तर ते आपल्याच पुरवणीत खोडून काढावे. मी वाट पाहीन.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (तत्त्वज्ञान), मिरज