टाइप सीएच्या दोन रेषा

बीव्हर्टन, ओरेगन
१२ ऑक्टोबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण गेले तीन रविवार मी टेक्ट्रॉनिक्सच्या ५४५ए स्कोपचे (विद्युतसंकेत पडद्यावर रेषेने दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचे) 'टाइप सीए' प्लग-इन, म्हणजे दोन संकेत एकत्र दाखवणारा त्याचा काढता-घालता येणारा भाग, उघडून बसलो होतो. व्होलम आणि मर्डॉक यांनी १९४६ साली काढलेल्या त्या कंपनीचा हा परिसर असल्यामुळे असल्या जुन्या वस्तू इथे अधूनमधून हाती लागतात.

वसतिगृहात तू पैजेवर सांगायचास की स्कोपला दोन चॅनेल, म्हणजे संकेत घेणाऱ्या दोन वाटा, असल्या की आत इलेक्ट्रॉनच्या शलाकाही दोन. तशा ५५५ स्कोपमध्ये असतात. इथे मात्र शलाका एकच असून आतला स्विच तिच्यावर आळीपाळीने दोन्ही संकेत सोडतो. 'ऑल्टरनेट'मध्ये एका स्वीपला, म्हणजे शलाकेच्या पडद्यावरच्या एका फेरीला, ए चॅनेल आणि पुढच्या स्वीपला बी. 'चॉप्ड'मध्ये ही अदलाबदल सुमारे १०० किलोहर्ट्झने चालते. संथ स्वीपला ऑल्टरनेटच्या रेषा लुकलुकतात, तर वेगवान स्वीपला चॉप्डच्या रेषांचे तुकडे दिसतात.

खरी मेख ट्रिगरमध्ये, म्हणजे स्वीप कोणत्या क्षणी सुरू करायचा हे ठरवणाऱ्या इशाऱ्यात, आहे. ऑल्टरनेटवर अंतर्गत ट्रिगर (पडद्यावर दिसणाऱ्या संकेतावरूनच घेतलेला) ठेवला, की प्रत्येक रेषा आपापल्या संकेतावर सुरू होते आणि दोन संकेतांमधला खरा उशीर पडद्यावरून नाहीसा होतो. दोन्ही पल्स एकाच क्षणी उठताना पाहून मी तासभर स्वतःवर खूश होतो. 'ए' चॅनेलचा संकेत बाहेरून ट्रिगरला जोडला, तेव्हा दुसरी पल्स तीन मायक्रोसेकंद मागे असल्याचे कळले. चॉप्डमध्ये तर अंतर्गत ट्रिगर स्विचच्या स्वतःच्या धक्क्यांनाच भुलतो. पुढे ५४७ स्कोपसाठी आलेल्या ५० मेगाहर्ट्झच्या 'वन-ए-वन' प्लग-इनमध्ये केवळ पहिल्या चॅनेलवरून ट्रिगर घेण्याची सोय झाली. सीए मात्र ५४५एमध्ये २४ मेगाहर्ट्झपर्यंतच जातो.

आतले काम पाहण्यासारखे आहे. सुटे भाग खाचा असलेल्या सिरॅमिक पट्ट्यांवर बसवलेले असून खाचांना चांदीचा मुलामा आहे. साधे सोल्डर तो मुलामा विरघळवते आणि मग डाख धरत नाही, म्हणून ३ टक्के चांदी असलेलेच सोल्डर वापरावे लागते. त्याचे छोटे रीळ कंपनी स्कोपच्या आतच ठेवत असे. हे वाचण्याआधी मी एक खाच वाया घालवली, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

आता बी चॅनेलचा अटेन्युएटर, म्हणजे संकेत पायरीपायरीने कमी करणारा भाग, तेवढा राहिला आहे. ०.०५ ते २० व्होल्ट प्रति सेंटिमीटर अशा नऊ पायऱ्यांपैकी २ व्होल्टच्या पायरीवर १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेचे कोपरे अजून गोलावतात, आणि तिथला ट्रिमर (ते कोपरे नीट करण्यासाठी फिरवायचा छोटा भाग) इतका घट्ट बसला आहे की पेचकस लावायची भीती वाटते. तू असतास तर तुझ्याच हाती दिला असता.

पैजेचा चहा तुझ्याकडे बाकी आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल