बजीच्या पिल्लाचा नर-मादी भेद

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव पक्ष्यांविषयी जो मजकूर आला होता, त्यात बजीविषयी, म्हणजे आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या पोपटाविषयी, एकच वाक्य होते: नाक निळे असेल तर नर आणि तपकिरी असेल तर मादी. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला हे बहुतेक वेळा लागू पडते. परंतु आपल्याकडच्या आठवडी बाजारात विकायला येतात ती बहुधा दीड-दोन महिन्यांची पिल्ले असतात, आणि पिल्लांच्या बाबतीत हा नियम जवळजवळ उलटा वाचावा लागतो. या चुकीची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या बाजारातून आम्ही मुलीसाठी ‘जोडी’ म्हणून दोन बजी आणले. एक हिरवा, फिकट निळसर नाकाचा. दुसरा लाल डोळ्यांचा पिवळा, गुलाबी नाकाचा. विकणाऱ्याने हिरव्याला नर आणि पिवळ्याला मादी म्हटले, आणि मुलीने त्यांची नावे राघू आणि मैना ठेवली. दिवाळीनंतर राघूचे नाक पांढुरके होत होत तपकिरी आणि खरखरीत झाले, तेव्हा त्याला काही रोग झाला असावा असे समजून आम्ही कित्येक दिवस त्यावर खोबरेल तेल लावत राहिलो. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत त्या राघूने पिंजऱ्याच्या तळाशी अंडे घातले. दुसरे अंडे अडकले. तो पिसे फुलवून तळाशी बसून राहिला, आणि तालुक्याच्या गावी नेईपर्यंत गेला. ‘गेली’ असे लिहायला हवे, पण घरात अजून कोणाच्याही तोंडून तसे निघत नाही.

चूक कुठे झाली ते नंतर उमगले. बजीच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्या असतात त्या जागी, एक मऊ पट्टा असतो. पक्षी पाळणारे त्यालाच नाक म्हणतात. नर पिल्लाचे नाक सगळीकडे सारख्या छटेचे गुलाबी किंवा जांभळट असते. मादी पिल्लाचे नाक मात्र फिकट निळसर किंवा पांढरट असते, आणि नाकपुड्यांच्या भोवती पांढरी कडी स्पष्ट दिसतात. म्हणजे ज्या निळसरपणाला पाहून पिल्लू नर ठरवले जाते, तोच पुष्कळदा मादीचा असतो आणि गुलाबी नाकाचा नर मादी म्हणून विकला जातो. विकणारा दर वेळी फसवतच असतो असे माझे म्हणणे नाही. त्यालाही तो अर्धाच नियम ठाऊक असतो. पारखताना रंग किती गडद आहे यापेक्षा नाकपुड्यांभोवती पांढरे कडे आहे की नाही हे पाहावे, आणि तेही दिवसाच्या उजेडात, कारण दुकानातल्या दिव्याखाली किंवा मोबाइलच्या फोटोत गुलाबी आणि फिकट निळा यांतला फरक सहज हरवतो.

पिल्लाचे वयही आधी ओळखता आले पाहिजे. कोवळ्या पिल्लाच्या कपाळावरचे आडवे पट्टे थेट नाकापर्यंत आलेले असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडली की कपाळ स्वच्छ होते आणि पुढे बुबुळाभोवती पांढरट वलय उमटते. नराचे नाक याच काळात गडद निळे होऊ लागते. मादीचे तपकिरी होते, पण ते कायम तसेच राहत नाही. अंडी घालण्याची वेळ नसली की पुन्हा फिकट, कधी निळसरही दिसते. त्यामुळे एकदा पाहून निकाल देऊ नये.

पिवळ्या पक्ष्याने तर आम्हाला दुहेरी चकवले. लाल डोळ्यांचे पिवळे आणि पांढरे, म्हणजे ल्युटिनो आणि अल्बिनो, तसेच रिसेसिव्ह पाईड या ठिगळांसारख्या दोन रंगांच्या वाणातले नर, यांचे नाक बहुधा निळे होतच नाही. ते जन्मभर गुलाबी-जांभळट आणि गुळगुळीत राहते. शिवाय ल्युटिनोच्या कपाळावर पट्टे दिसत नसल्याने वयाचाही अंदाज लागत नाही. आमची ‘मैना’ आज सव्वा वर्षाची आहे, नाक अजून गुलाबी आहे आणि दिवसभर मान हलवत, आरशावर चोच आपटत तिची बडबड चालते. ही सवय नरांत जास्त आढळते, तर माद्या कागद-लाकूड कुरतडतात आणि चावतात जोरात. पण केवळ स्वभावावरून ठरवणे धोक्याचे आहे. खात्रीच हवी असेल तर पिसांवरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासणी होते.

मादी आहे हे आधी कळले असते, तर पिंजऱ्यात समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जीवाचे कॅल्शियमयुक्त कवच) टांगला असता आणि थंडीत पिंजऱ्याला ऊब दिली असती. कॅल्शियमची उणीव आणि थंडी, या दोन्हींमुळे अंडे अडकण्याचा धोका वाढतो, आणि वर्षाच्या आतल्या मादीला तो अधिक असतो. म्हणून नर-मादी ओळखणे ही हौसेची बाब नाही. वयात आलेल्या नराचे निळे नाक पुढे तपकिरी होऊ लागले, तर तेही अंडकोषातील गाठीचे लक्षण असू शकते आणि पक्ष्याला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. पण तो नर आहे हे ठाऊक असेल तरच ते लक्षात येईल. चोचीभोवती, डोळ्यांजवळ किंवा पायांवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली खपली धरली, तर तो गोचिडीसारख्या सूक्ष्म किडीचा उपद्रव आहे, मादीपणाची खूण नव्हे.

आणखी एक घोटाळा नावाचा. आपल्याकडे बजीला सर्रास लव्हबर्ड म्हणतात. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडचे, आणि त्यांच्या बहुतेक जातींत नर-मादी दिसायला सारखेच असतात. त्यामुळे नाकाची ही पारख त्यांना लावू नये.

रानातला राघू पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, पण गावातल्या जुन्या माणसांना त्याची रीत आठवते: गळ्याला कंठी फुटेपर्यंत तो राघू की मैना हे कोणी ठामपणे सांगत नसे, आणि कंठी फुटायला दोन-तीन वर्षे लागत. बजीसाठी तर पाच-सहा महिनेच थांबायचे आहे. तोपर्यंत विकणाऱ्याने ‘जोडी’ हा शब्द वापरू नये आणि घेणाऱ्याने पिंजऱ्यात समुद्रफेन ठेवूनच द्यावा, पक्षी नर निघाला तरी त्याने काही बिघडत नाही.

आपण पुढील पुरवणीत नर पिल्लू, मादी पिल्लू आणि वयात आलेले दोन्ही, अशी चार नाकांची रंगीत छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, ही विनंती. बाजारात जाताना ते कात्रण सोबत नेता येईल.

आपली,
एक वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा