डर्बी म्हणजे नुसती हुल्लडबाजी नव्हे

महोदय,
डर्बीतले, म्हणजे एकाच शहरातील दोन फुटबॉल क्लबांच्या सामन्यातले, समर्थकांचे वैर म्हणजे निव्वळ धुडगूस, असा सूर सर्रास लावला जातो. तो पटत नाही. कोलकात्याचेच बघा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधले घरदार सोडून आलेल्यांना ईस्ट बंगाल क्लबच्या लाल-सोनेरी रंगात आपले सुटलेले गाव दिसले. शहरातल्याच प्रतिस्पर्धी मोहन बागान क्लबकडून झालेली हार म्हणूनच जिव्हारी लागते. १९८० मध्ये ईडन गार्डन्सवर याच सामन्यात १६ प्रेक्षकांचे जीव गेले, त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील बलात्कार व हत्येनंतरच्या तणावात ड्युरंड चषकाची डर्बी रद्द झाली, तेव्हा दोन्ही क्लबांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, तिला न्याय मिळावा म्हणून घोषणा दिल्या आणि पोलिसांच्या लाठ्याही सोसल्या. शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहमेडनचे, समर्थकही सोबत होते.

— एक फुटबॉलप्रेमी वाचक