रेडिएटरच्या तुटलेल्या प्लगविषयी

चिपळूण

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या गाडीच्या रेडिएटरचा खालचा प्लग तुटला. गाडी माझ्या नावावर होऊन इतकी वर्षे झाली, तरी लिहिताना ‘तुझी गाडी’ असेच उमटले. घरातही तिला बापूची गाडीच म्हणतात. आईची साखर आटोक्यात आहे आणि माझी पाठ बरी आहे. आता मुद्द्याचे लिहितो, कारण मला जे विचारायचे आहे ते तुझ्यावाचून कुणाला सांगता येणार नाही.

कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, बदलायला गाडी एका गॅरेजात दिली होती. प्लग हाताने फिरेना म्हणून तिथल्या मुलाने पक्कड लावली आणि प्लगचे डोके तुटून पकडीत आले. आट्यांचा भाग रेडिएटरच्या टाकीच्या भोकातच अडकून राहिला. त्या मुलावर मी रागावलो नाही. टाकी काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनची असते, पण गरम पाणी आणि कुलंटमधले ग्लायकॉल हे रसायन यांच्यात वर्षानुवर्षे राहिल्यावर तेही ठिसूळ होते, मग एवढ्याशा प्लगचे काय सांगावे? राग आला तो पुढच्या सल्ल्यांचा. मालक म्हणाले, अख्खा रेडिएटरच बदला. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, एम-सील भरा आणि विसरून जा. भोक कायमचे बुजवल्यावर पुढच्या वेळी कुलंट कुठून काढायचा, याचा विचार दोघांनीही केला नव्हता. पितळी रेडिएटर असता तर रेडिएटरवाल्याने डाग देऊन नवी तोटी बसवली असती. प्लॅस्टिकला डाग देता येत नाही.

मी गाडी दोरीने ओढून घरी आणली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर वरचे झाकण उघडले, खालचा होज, म्हणजे रबरी नळी, सोडवून कुलंट पसरट घमेल्यात घेतला आणि लगेच डब्यात भरून झाकण घट्ट लावले. ते पाणी गोडसर लागते आणि विषारी असते. आपल्या मोत्याला वास लागण्याआधीच ते उचलायला हवे होते, आणि वाशिष्ठीकडे जाणाऱ्या गटारात तर ते मुळीच सोडायचे नव्हते.

अडकलेल्या तुकड्यासाठी बाजारात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो. तो निमुळता असतो. जसजसा आत रुततो तसतसा तुकडा फुगवतो, आणि तुकड्याबाहेरची टाकीची मान तितकाच ताण सोसते. ठिसूळ टाकीत तो वापरायला माझे मन धजले नाही. म्हणून मास्तरांनी वर्कशॉपमध्ये दाखवलेली युक्ती केली. जुना चपटा स्क्रू ड्रायव्हर गॅसवर चांगला तापवला, तुकड्याच्या मधोमध हलकेच दाबून खाच पाडली, तो तिथेच धरून पूर्ण गार होऊ दिला आणि मग डावीकडे अगदी सावकाश फिरवला. घाई केली असती तर टाकीचे आटेही वितळले असते. तुकडा अखंड बाहेर आला तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

नवा प्लग ओ-रिंगसकट, म्हणजे त्याच्या गोल रबरी कडीसकट, आणला, रिंगला थोडा कुलंट चोळला आणि बोटांनीच आवळला. इथे आपले जुने भांडण पुन्हा काढतो, कारण पकडीने शेवटचा अर्धा फेरा दिल्याशिवाय तुला कधी झोप येत नसे. झाकणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 0.9 किलोचा आणि भोक साधारण एक सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे प्लगवर आतून पाऊण किलोपेक्षाही कमी जोर येतो. पाणी अडवते ती ओ-रिंग. आवळण्याने फक्त आटे मरतात. तुझ्या वरातीत घाटात गाडी थांबली तेव्हाही मी हेच सांगत होतो, पण त्या दिवशी इंजिनपेक्षा नवरदेवच जास्त तापला होता.

आता खरी काळजी. भोकाच्या कडेपासून टाकीच्या अंगावर केसाएवढी एक रेघ आहे. साच्याची रेघ टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते. ही मात्र भोकापासून निघून थोड्याच अंतरावर संपते. जागा पुसून कोरडी केली, खडूची पूड लावली आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवले. पूड कोरडीच राहिली. रात्रभर गाडी गार होऊ दिली, कारण अशी गळती पुष्कळदा सगळे आक्रसल्यावरच दिसते; सकाळीही पूड कोरडीच होती. तरीही मन मानत नाही. अंगणात उभ्या गाडीची परीक्षा वेगळी आणि भरल्या गाडीने ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये कुंभार्ली घाट चढण्याची वेगळी. दाब टिकतो म्हणूनच साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. ती चीर उघडली तर दाब जाईल, पाणी उकळेल आणि इंजिनच्या हेडखालचे पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, वाचणार नाही. मावशीकडच्या लग्नाला आईला घेऊन कराडला जायचे आहे, आणि तिला भर उन्हात घाटात बसवण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

हा रेडिएटर तूच बसवला होतास. ती रेघ तेव्हा होती का, हे नीट आठवून सांग. नवाच असताना ती असेल तर साच्याची खूण समजून मी निर्धास्त होईन. नसेल तर टाकी बदलेन, मग खर्च कितीही होवो. शिवाय तू कुलंट हिरवा भरत होतास की लाल? निघालेले पाणी इतके गढूळ आहे की रंग ओळखता येत नाही, आणि दोन जातींची मिसळ करणे मला पसंत नाही. सध्या गाडी चालवत नाही, नुसते डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवले आहे.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? चिरंजीवाला बारावीसाठी माझे आशीर्वाद सांग. तुझ्या नव्या घराचे फोटो आईला फार आवडले.

उत्तर लिहीत बसू नकोस, फोनच कर. तुझ्याकडून खात्री झाली नाही तर आम्ही कराडला एसटीने जाऊ.

तुझा,
अण्णा