अपील तुझ्या नावानं जाईल, मुग्धाच्या नव्हे

सातारा

चि. मकरंद यास,
अनेक आशीर्वाद.

मुग्धाच्या ऑस्ट्रेलियाच्या ३०९ व्हिसाचं, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाचं, नकाराचं पत्र आणि सोबतचं निर्णयपत्र, दोन्ही शांतपणे वाचली. फोनवर तू म्हणालास, ‘आमचं लग्न खोटं ठरवलं.’ तसं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. अर्ज केला त्या दिवशी तुम्ही कायद्याच्या अर्थानं पती-पत्नी होता हे जोडलेल्या कागदांवरून पटत नाही, एवढंच अधिकाऱ्याचं म्हणणं आहे. कागदांत राहिलेलं भरून काढता येतं. ते भरायची जागा म्हणजे तिथले व्हिसाचे निर्णय फेरतपासणारं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या एएटीच्या (अपील्स ट्रिब्युनलच्या) जागी हेच आहे.

आधी तारीख. नकार ईमेलनं आला, म्हणजे पाठवला त्याच दिवसाच्या अखेरीस तो मिळाला असं कायदा धरतो. मुग्धानं तो तीन दिवसांनी उघडला याला काही अर्थ नाही. एजंटचा पत्ता दिलेला असता तर एजंटला गेलेला ईमेलही तिला मिळालेलाच धरला असता. तिथून अपिलाला २८ दिवस. ईमेल मंगळवारी आला, तर चौथ्या मंगळवारी मुदत संपते. सुट्ट्या वगळायच्या नाहीत, आणि मुदत वाढवून द्यायचा अधिकार ट्रिब्युनललाच नाही, कारण कितीही खरं असलं तरी. तुझा मित्र ७० दिवस म्हणतो ते एएटीच्या काळचं. इंटरनेटवर ती माहिती अजून पडलेली आहे, तिच्यावर जाऊ नकोस. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस, कार्ड नाकारलं गेलं किंवा पोर्टल अडलं तर धावपळ होते.

दुसरं, अर्जदार तू. मुग्धा ऑस्ट्रेलियाबाहेर आहे आणि तू तिचा स्पॉन्सर आहेस, म्हणून रिव्ह्यू, म्हणजे हे अपील, मागण्याचा हक्क स्पॉन्सरचा. तिनं स्वतःच्या नावानं अर्ज भरला तर तो ग्राह्यच धरला जात नाही, आणि चूक ध्यानात येईपर्यंत २८ दिवस निघून जातात. लोक इथंच फसतात, कारण व्हिसाचा अर्ज तिच्या नावावर आणि नकाराचं पत्रही तिच्याच नावावर. ट्रिब्युनलच्या पोर्टलवर तुझ्या नावानं अर्ज भर, निर्णयपत्राची पूर्ण प्रत जोड आणि फी त्याच वेळी भर. फी साधारण साडेतीन हजार डॉलर आहे, दर १ जुलैला आकडा बदलतो, त्या दिवशी पोर्टल दाखवील तोच खरा. निकाल आपल्या बाजूनं लागला तर निम्मी परत मिळते. निम्म्या फीची सवलत खऱ्या आर्थिक अडचणीतल्या माणसासाठी आहे, तुझा पगार चालू आहे, ती मागू नकोस. पुरावे त्याच दिवशी हवेत असं नाही, ते नंतर चढवता येतात. मुदतीत अर्ज आणि फी या दोनच गोष्टी अडवतात.

मदत घेणार असशील तर ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटचीच किंवा तिथल्या वकिलाची. एजंटचा सात आकडी एमएआरएन, म्हणजे नोंदणीचा नंबर सरकारी नोंदणीत स्वतः पडताळून बघ. आपल्याकडचा ‘व्हिसा कन्सल्टंट’ कितीही आत्मविश्वासानं बोलला तरी त्याला हे काम देऊ नकोस.

अर्ज गेला की व्हिसा नाकारणाऱ्या डिपार्टमेंटकडे एफओआयखाली (तिथल्या माहिती अधिकाराखाली) मुग्धाच्या फाइलची प्रत माग. अधिकाऱ्यानं तिला फोन केला होता, त्या बोलण्याची टिपणं तिथं असतील. निर्णयपत्रात आहे की तिला तुझा पत्ता नीट सांगता आला नाही. तिनं जुना पत्ता सांगितला होता आणि तू त्याआधी नऊच दिवस घर बदललं होतंस. दोन्ही घरांचे भाडेकरार तारखांसह शेजारी ठेवले की तो मुद्दा मिटतो. मात्र तिनं नेमकं काय उत्तर दिलं ते टिपणं वाचल्याशिवाय आपल्याला कळणार नाही, म्हणून आठवणीवर खुलासा लिहू नकोस.

आता पुरावे. सगळा भार इथं आहे. ट्रिब्युनल जुन्या निर्णयातल्या चुका मोजत बसत नाही, प्रकरण नव्यानं बघतं, नवे कागद स्वीकारतं. पण दोन दिवसांबद्दल खात्री पटवावी लागते: अर्ज केला तो दिवस, आणि निकाल होईल तो दिवस. आजचे फोटो दुसऱ्या दिवसासाठी उपयोगी, पहिल्यासाठी तेव्हाचेच कागद लागतात. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं ‘आधीचा’ किंवा ‘नंतरचा’ लिहून दोन गठ्ठे कर. आपला पहिला गठ्ठा बारीक आहे, तो जाड करायचा आहे.

पती-पत्नीचं नातं तपासायचा तिथला नियम १.१५ए चार बाजू बघतो: पैसा, घर, समाजातलं वावरणं आणि एकमेकांशी बांधिलकी. तुमच्या अर्जात लग्नाचे फोटो ढीगभर आणि पैशाचा कागद एकच. तू मुग्धाला पाठवलेल्या रकमा बँकेच्या विवरणातून काढ आणि प्रत्येकीसमोर कारण लिही. सुपरमध्ये (तुझ्या निवृत्तीच्या फंडात) नॉमिनी अजून मीच असेन, तर तिथं तिचं नाव घाल. विम्यातही. हे बदल आजचे आहेत, मागची तारीख घालायचा विचारसुद्धा करू नकोस. खोटा कागद सापडला तर तीन वर्षांची बंदी येऊ शकते. आज केलं ते आज केलं म्हणून सांगायचं.

‘लग्नानंतर अठराच दिवस एकत्र’ हे वाक्य तुला सर्वांत लागलं, ठाऊक आहे. कायदा एकाच छपराखाली राहिलंच पाहिजे असं म्हणत नाही, कायमचे वेगळे राहत नसलात तर चालतं. रजा तीन आठवड्यांची होती, आषाढापूर्वीचा शेवटचा मुहूर्त धरला होता, म्हणून पाहण्याच्या कार्यक्रमापासून लग्नापर्यंत सगळं घाईनं उरकलं. हे आपल्याला उघड आहे, तिथल्या माणसाला नाही. तुझ्या निवेदनात सांग की पत्रिका आधी जुळली, घरं भेटली, मग तुम्ही दोघं बोललात, आणि होकार कोणी कधी दिला. रजेचा मेल आणि विमानाची तिकिटं जोड. अर्जात नातं सुरू झाल्याची तारीख म्हणून तू साखरपुड्याची टाकलीस, तिनं लग्नाची. अधिकाऱ्यानं तेच पकडलं आहे. दोघांनी एकाच शब्दांत खुलासा करू नका, आपापल्या शब्दांत खरं ते लिहा.

नावाचंही स्पष्ट कर. पासपोर्टवर तिच्या वडिलांचं नाव मधलं, नोंदणी प्रमाणपत्रावर तुझं. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं हे एका ओळीत लिही, म्हणजे दोन वेगळ्या बायका वाटणार नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपची आठशे पानं पाठवू नकोस, कोणी वाचत नाही. दर महिन्याचा एक आठवडा निवड, कॉलची यादी जोड. ज्यात घरातलं काही ठरवलंय ती बोलणी आधी: गॅसचं बिल, तिच्या आईचं ऑपरेशन, फ्रीज कुठला घ्यायचा. मराठी मजकुराला इंग्रजी भाषांतर हवं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पात्रता. फोटो तीसच, प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण कोण. फॉर्म ८८८ वर, म्हणजे ओळखीच्यांनी तुमच्या नात्याबद्दल लिहून द्यायच्या फॉर्मवर, किमान दोन साक्षी घे, तिथले नागरिक किंवा पीआर (कायमचे रहिवासी) असलेल्यांच्या. ‘चांगलं जोडपं आहे’ असलं वाक्य फुकट जातं. ‘दिवाळीला माझ्या घरी जेवताना यानं तिला व्हिडिओ लावून सगळ्यांची ओळख करून दिली’ असं डोळ्यांनी पाहिलेलं हवं. इकडची प्रतिज्ञापत्रं मी आणि तुझे सासरे नोटरीसमोर करतो.

ट्रिब्युनलकडून मध्येच एखादं पत्र येईल, विरुद्ध जाणाऱ्या माहितीवर तुझं म्हणणं मागणारं. त्यातली तारीख चुकली तर सुनावणी न घेताही निर्णय होऊ शकतो. स्पॅमचं फोल्डर रोज बघ, पत्ता किंवा नंबर बदलला तर त्याच दिवशी कळव. सुनावणीत तुम्हा दोघांना वेगवेगळं विचारतील, मुग्धा इथून फोनवर किंवा व्हिडिओवर बोलेल. तिला मराठी दुभाषा अर्जातच माग, त्याचे पैसे पडत नाहीत. तिचं इंग्रजी चांगलं आहे, तरीही माग. ताणाखाली ‘माहीत नाही’ आणि ‘आठवत नाही’ यांतला फरक इंग्रजीत निसटतो. उत्तरं पाठ करून घेऊ नकोस.

हे वर्षाच्या हिशेबात चालतं, आणि जिंकलो तरी व्हिसा लगेच हातात पडत नाही. प्रकरण डिपार्टमेंटकडे परत जातं, मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स बहुतेक नव्यानं द्यावे लागतात. मुग्धा बाहेर आहे म्हणून नवा ३०९ अर्जही करता येतो, पण त्याची फी नऊ हजार डॉलरच्या वर आणि पुरावे हेच लागणार. माझ्या मते आधी अपील. दरम्यान वर्षातून एकदा तरी ये, बोर्डिंग पास टाकू नकोस.

लग्नाचे जमाखर्च लिहिलेली वही तुझ्या आईनं कपाटातून काढली आहे. हॉल, केटरर, आहेर, सगळं तारखेनं आहे. पानं स्कॅन करून शुक्रवारी पाठवतो. अर्जाची पावती आली की नंबर लगेच कळव.

तुझे
बाबा