पेशींच्या प्रयोगात मिठाची आणि निफेडिपिनची ताटली हवीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगली, मिरज, कराडच्या महाविद्यालयांतल्या विज्ञान प्रदर्शनांत ‘विजेने जनुके चालू होतात’ असे पेशींच्या प्रयोगांचे तक्ते दिसतात. विधान अर्धवट आहे. वीज जनुकापर्यंत पोचतच नाही, निरोप नेते ते कॅल्शियम. हे सिद्ध करणाऱ्या ताटल्याच (पेशी वाढवण्याच्या बशा) विद्यार्थी गाळतात.

या प्रयोगात बहुधा पीसी-12 पेशी असतात. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून काढलेल्या या पेशी 1976 पासून वापरात आहेत आणि बऱ्याच अंशी चेतापेशींसारख्या वागतात. बाहेरचे पोटॅशियम 5 वरून 50 मिलिमोलरवर नेले की पेशीपटलावरचा विद्युतदाब उतरतो, पटलातल्या एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. ते कॅलमोड्युलिन या प्रथिनाला बिलगते, कायनेझ (फॉस्फेट जोडणारी विकरे) कामाला लागतात, जनुके चालू करणाऱ्या क्रेब प्रथिनाच्या 133व्या जागेवरच्या सेरिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसते आणि सी-फॉस जनुकाचे वाचन सुरू होते. त्याचा एमआरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनते) साधारण अर्ध्या तासात शिगेला पोचून झपाट्याने ओसरतो, प्रथिन मात्र तासा-दोन तासांनी भरात येते. अर्ध्या तासाला प्रथिन शोधले किंवा चार तासांनी एमआरएनए मोजला, तर हाती फारसे काही लागत नाही.

सर्वांत मोठी गफलत सीरमची, म्हणजे पेशींच्या पोषणद्रवात (माध्यमात) घातल्या जाणाऱ्या रक्तद्रवाची. सीरम स्वतःच सी-फॉस चालू करते, त्यामुळे पेशी आदल्या रात्री कमी सीरमवर ठेवाव्यात आणि ऐनवेळी माध्यम बदलू नये. 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड दर मिलिलिटरला 15 मायक्रोलिटर, अलगद सोडावे. शेजारच्या ताटलीत तेवढेच सोडियम क्लोराइड हवे. नाहीतर माध्यमात वाढलेल्या एकूण मिठाचा परिणाम पोटॅशियमच्या नावावर जमा होतो.

तिसऱ्या ताटलीत पोटॅशियमबरोबर निफेडिपिन, ते एल-प्रकारच्या वाहिन्या बंद करते. हे रक्तदाबाचे औषध मिरजेत औषधांच्या दुकानात मिळते, पण गोळी कुटून घालू नये, तिच्यातले भरणद्रव्यही पेशींवर पडते. शुद्ध पूड घ्यावी आणि बाटलीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळावी. उजेडात हे द्रव्य खराब होते आणि मग वाहिन्या बंद होत नाहीत. माध्यमही बघून घ्यावे. आरपीएमआय नावाच्या माध्यमात कॅल्शियम जेमतेम 0.42 मिलिमोलर, डीएमईएम नावाच्या माध्यमात 1.8. दोन गटांचे आकडे जुळत नसतील तर आधी हे तपासावे.

आपल्याकडे भर पडते ती वीज जाण्याची. इनक्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड उतरला की माध्यम जांभळट-गुलाबी दिसू लागते, म्हणजे सामू चढला. त्या दिवशीच्या पेशी या प्रयोगाला घेऊ नयेत.

परीक्षकांना विनंती, पोटॅशियमच्या ताटलीचा आलेख पाहण्याआधी सोडियम आणि निफेडिपिनच्या ताटल्यांचे आकडे मागावेत.

— जीवशास्त्राचे काही शिक्षक, सांगली