आप्पा, तुम्ही जाहिरातीही पुसल्या नाहीत

जळगाव

आप्पांना सप्रेम नमस्कार,

टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड केलेल्या तुमच्या ११२ व्हिडिओ कॅसेटींपैकी १०९ संगणकावर पूर्ण उतरल्या. एवढं फोनवरही कळवता आलं असतं. पण खान्देशात नव्वदच्या दशकात केबलचा धंदा केलेल्या कितीतरी घरांत अशा कॅसेटी माळ्यावर पडून असतील. तुम्ही नेमकं काय राखलंत आणि ते कशाला उपयोगी पडतं, हे त्या घरांतल्या पोराबाळांनाही कळावं म्हणून हे आभार उघडपणे मानतो आहोत.

टीव्हीवरचं जपून ठेवणारा माणूस सहसा त्याला महत्त्वाचं वाटलं तेवढंच जपतो. लग्नाच्या कॅसेटीच्या शेवटी एखादं भाषण, मॅचची शेवटची षटकं, पुढे गणपती विसर्जन. बातम्यांची आणि वाहिन्यांची चिकित्सा करणाऱ्या आमच्या माहितीपटाला अशा तुकड्यांचा उपयोग फार थोडा. बातमी पहिली होती की अकरावी, त्याआधी निवेदक काय म्हणाला, नंतर कोणाची जाहिरात लागली, यातलं काहीच तुकड्यात उरत नाही. वाहिनीनं संदर्भ तोडला असं म्हणायचं आणि पुरावा म्हणून तोडलेला तुकडाच दाखवायचा, हे आम्हाला पटत नव्हतं. तुम्ही बातमीपत्राच्या आधीची पाच मिनिटं ठेवलीत, नंतरची दहा ठेवलीत, मधल्या सगळ्या जाहिराती ठेवल्यात. आम्ही चार-पाच कॅसेटी निवडून नेणार होतो, तेव्हा तुम्ही अहिराणीत म्हणालात, "बठ्ठं लई जा", सगळं घेऊन जा. त्या तीन शब्दांवर हा सगळा माहितीपट उभा आहे.

कॅसेटीच्या कडेला निळ्या बॉलपेननं तारीख, वाहिनी, सुरू केल्याची वेळ. आणि लागू असेल तिथे 'लाईट गेली ८.१० ते ८.३५'. या शेवटच्या ओळीचे आभार वेगळे. भारनियमनानं पडलेली फट आणि रेकॉर्डिंग कोणी मुद्दाम थांबवल्याची फट पडद्यावर सारखीच दिसते, चित्र एकदम तुटतं. तुमची नोंद नसती तर प्रत्येक तुटीबद्दल कोणीही विचारलं असतं की इथलं काय गाळलंत, आणि उत्तर देता आलं नसतं.

हतनूरचं उदाहरण तुम्हाला सांगायलाच हवं. धरणाचे दरवाजे उघडले, तापीला पूर आला, ही दर पावसाळ्यातली बातमी. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या कॅसेटींवर एका वाहिनीनं दाखवलेला पाण्याचा लोट एकच आहे. कठड्याशी छत्री घेऊन उभा असलेला माणूस तिन्ही वर्षी त्याच क्षणाला डावीकडे वळतो. 'संग्रहित' हा शब्द कुठेच नाही. धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यातले त्या दिवशी किती उघडले ते निवेदक सांगतो, आणि चित्रात मोजले तर आकडा जुळत नाही. एक कॅसेट पाहून हे कधीच सापडलं नसतं.

असं मोजून दाखवण्याची रीत जुनी आहे. मार्क अकबर आणि पीटर विंटॉनिक यांच्या 'मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट' या १९९२च्या कॅनेडियन माहितीपटात न्यूयॉर्क टाइम्सचं १९७५ ते १९७९ या काळातलं वार्तांकन मोजलं आहे. एकाच काळातले दोन नरसंहार, पण पूर्व तिमोरला ७० कॉलम इंच (एका रकान्यातली इंचभर उंचीची जागा म्हणजे एक) आणि कंबोडियाला १,१७५. आकडा सांगून ते थांबले नाहीत. छापील कागदाच्या पट्ट्या जमिनीवर उलगडत नेल्या. एक लगेच संपते, दुसरी संपता संपत नाही. ज्याला आकड्यांचा कंटाळा येतो त्यालाही ते दृश्य समजतं.

टीव्हीवर कॉलम इंचाऐवजी सेकंद मोजायचे. प्रत्येक शॉटला एक ओळ: कॅसेट क्रमांक, सुरुवातीपासूनची वेळ, चित्रात काय, आवाज कोणाचा, खालच्या पट्टीत काय, संगीत आहे का, चित्रण कधीचं. तासाभराच्या बातमीपत्राला चार तास तरी जातात. एकच कॅसेट दोघांनी एकमेकांचं न बघता नोंदवायची आणि जिथे दोन सेकंदांहून जास्त फरक पडेल तिथे एकत्र बसून पुन्हा पाहायचं. नोंदीत सर्वांत जास्त घोळ व्याख्येचा होतो. केळीच्या भावाची एक बातमी घ्या. शेतकरी चित्रात ५२ सेकंद आहे, पण त्याचा स्वतःचा आवाज ६ सेकंद. बाकी वेळ त्याच्या हलणाऱ्या ओठांवर निवेदकाचा आवाज चढवलेला. 'शेतकऱ्याला दिलेला वेळ' असा एकच रकाना ठेवला तर ५२ लिहिले जातात आणि मुद्दाच बुडतो. दिसण्याचा रकाना वेगळा, ऐकू येण्याचा वेगळा. हे मोजायला बसण्याआधीच ठरवायचं, नाहीतर पहिल्या वीस कॅसेटी पुन्हा कराव्या लागतात.

आता जाहिराती. २००९च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'वर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून दिलेल्या मजकुरावर, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत शब्दशः एकच मजकूर छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं. छापील कागद शेजारी शेजारी ठेवता येतो. टीव्हीचं कठीण, कारण ब्रेक कोणी जपतच नाही. तुमच्याकडे बातमी आणि तिच्यानंतरचा ब्रेक एकाच फितीवर असल्यानं, बातमीतली दुकानाची पाटी आणि सात मिनिटांनी आलेल्या जाहिरातीतली पाटी जुळवता येते. जुळली म्हणजे पैसे दिलेच असं सिद्ध होत नाही, आणि माहितीपटात आम्ही तसं म्हटलेलं नाही. दोन्ही चित्रं आणि मधलं अंतर एवढंच ठेवलं आहे.

कॅसेटी टिकल्या त्याचं श्रेय तुमच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छपराच्या, घराला आणि तुमच्या शिस्तीला. मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो. पत्र्याखाली किंवा स्लॅबच्या खोलीत कॅसेटीचं कवच वाकतं, फीत ताणली जाते. मातीच्या जाड भिंतींच्या आतल्या खोलीत दिवसरात्रीचा फरक कमी राहतो. तुम्ही कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवल्यात, तेही फार मोलाचं. आडव्या रचल्या तर फितीचं वेटोळं एका बाजूला घसरतं आणि कड दुमडते. व्हीएचएसच्या, म्हणजे या घरगुती कॅसेटींच्या, फितीच्या वरच्या कडेला साधा आवाज असतो, खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक, म्हणजे व्हीसीआरला चित्राची जागा दाखवणाऱ्या खुणा. खालची कड गेली की व्हीसीआरला चित्राची रेघ सापडत नाही आणि पडदा फाटल्यासारखा दिसतो. मागच्या बाजूची प्लास्टिकची चिप तुम्ही प्रत्येक कॅसेटीवर मोडून ठेवली होती, त्यामुळे चुकून वरून रेकॉर्ड होण्याची भीती राहिली नाही. आणि सहा तास मावत असतानाही तुम्ही १८० मिनिटांची कॅसेट तीनच तास चालवलीत. दुप्पट वेळेच्या रेकॉर्डिंगमध्ये फितीवरच्या रेघा अरुंद होतात. आज वाचता येणारी खालची पट्टी तेव्हा पुसट झाली असती.

उतरवण्याचं काम करणाऱ्यांसाठी इथे थोडं सविस्तर लिहितो. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत सारखी होते. व्हीसीआरमधला, फितीवरचं चित्र वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो, एका फेऱ्यात एक फ्रेम. त्या हेडवर कापसाची काडी उभी फिरवली की हेडचं टोक तुटतं. न झडणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून स्थिर धरायचं आणि ड्रम हातानं हळूच फिरवायचा. घरगुती व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेतून रंग आणि उजेड एकाच तारेत मिसळून येतात आणि अक्षरांच्या कडेला ठिपके रांगतात. म्हणून ते दोन्ही वेगवेगळे देणाऱ्या एस-व्हिडिओ सॉकेटचा व्हीसीआर शोधावा. त्यात टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची लय सरळ करणारी सोय, असली तर उत्तमच. उन्हानं ताणलेल्या फितीवरून येणाऱ्या सिग्नलची लय डळमळते, चित्राचा वरचा भाग वाकतो, आणि चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड गोंधळून फ्रेम टाकून देतं. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. पण २५ फ्रेम गेल्या की एक सेकंद गेला, आणि इथे तर सेकंदच मोजायचे असतात. तीन तासांच्या फाईलमध्ये २,७०,००० फ्रेम आहेत का, हे प्रत्येक वेळी तपासायचं.

मूळ फाईल ७२० बाय ५७६ बिंदूंची, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन भागांत), जशी आहे तशी. न दाबलेल्या रूपात ती तासाला ७५ जीबीच्या आसपास जाते. एफएफव्ही१ या पद्धतीनं एकही बिंदू न गमावता ती बरीच लहान होते. पाहण्यासाठीची एमपी४ प्रत वेगळी काढायची. आणि जुनं चौकोनी चित्र रुंद पडदा भरावा म्हणून कधीही वर-खाली कापायचं नाही. वाहिनीचं चिन्ह, घड्याळ, खालची पट्टी, सगळं कडेलाच असतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर दिसू द्यावेत.

बातमी तपासताना डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. मुलाखतीत मध्येच हाताचा किंवा भिंतीवरच्या फोटोचा शॉट आला की तिथे बहुतेक वेळा काट लपवलेला असतो. हेडफोन लावला तर पंख्याची घरघर एकदम बदलते किंवा अर्धा श्वास तुटतो. एकाच कॅमेऱ्यावरच्या मुलाखतीत वार्ताहर मान हलवताना दिसतो, ते शॉट बहुधा मुलाखत संपल्यावर घेतलेले असतात. मागच्या भिंतीवरची सावली सरकलेली सापडते. यात लबाडी असतेच असं नाही, ती या धंद्यातली रोजची सोय आहे. पण एखाद्याच्या बोलण्यावर वार्ताहर हसताना दिसला आणि प्रत्यक्षात तो तेव्हा हसलाच नव्हता, तर अर्थ बदलतो.

माहितीपटालाही हीच कसोटी लावावी लागते. डिस्नेच्या १९५८च्या 'व्हाइट विल्डरनेस'ला ऑस्कर मिळालं. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी स्वतःहून कड्यावरून समुद्रात उड्या घेतात, असं त्यात दाखवलं होतं. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं १९८२ मध्ये शोध घेतला तेव्हा ते चित्रण अल्बर्टा प्रांतातलं निघालं, जिथे समुद्रच नाही. प्राणी बाहेरून आणून नदीत ढकलले होते. अगदी अलीकडचं म्हणजे 'रायटिंग विथ फायर'. 'खबर लहरिया'च्या ग्रामीण महिला पत्रकारांवरचा हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि त्याच वेळी 'खबर लहरिया'नंच जाहीर सांगितलं की यातलं आमचं चित्र अपुरं आहे. माहितीपट चांगला आहे आणि त्यांची हरकतही रास्त आहे. कॅमेऱ्यासमोर असलेल्या माणसाला पूर्ण झालेलं काम आधी दाखवावं, हे त्यावरून शिकण्यासारखं.

तुम्ही कॅसेटी देताना घातलेली अटही याच जातीची होती. दर बातमीमागे मानधन मिळणाऱ्या तालुक्याच्या वार्ताहराला हसू नका; तो चित्रण पाठवतो, कापतो कोणी तिसराच. आम्ही तिथे मूळ चित्रण आणि प्रक्षेपित बातमी यांतला फरक दाखवला, आणि ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांना भेटून विचारलं. दोघांनी नको म्हटलं, ते शॉट काढले. माहितीपट साडेतीन मिनिटांनी लहान झाला.

वाहिन्यांचं चित्रण वापरायची परवानगी लागेल का, हे तुम्ही विचारलं होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात असं लोक सांगतात, पण कायद्यात असा आकडा नाही. भाष्याला लागेल तेवढंच घ्यायचं, त्या शॉटवर आपण काहीतरी बोललेलं असायला हवं, आणि वाहिनीचं नाव, तारीख, वेळ पडद्यावर द्यायची. ती तारीख आणि वेळ प्रत्येक ठिकाणी तुमच्या निळ्या अक्षरांतूनच आली आहे. श्रेयनामावलीत तुमचं नाव नको असं तुम्ही ठामपणे सांगितलंत, म्हणून तिथे 'एका केबल ऑपरेटरच्या संग्रहातून' एवढंच आहे.

१०९ कॅसेटी येत्या रविवारी परत आणतो, सोबत सगळ्या फाईलींची एक हार्ड डिस्क तुमच्यासाठी. आणखी दोन प्रती आहेत, त्यातली एक मुद्दाम धुळ्याला ठेवली आहे. उरलेल्या तीन कॅसेटी पश्चिमेच्या भिंतीला होत्या, जिथे धाबं गळलं होतं. खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवली तर बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसह त्या बंद पिशवीत वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी एक जुना व्हीसीआर वेगळा काढला आहे जो नंतर दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही. तुमच्याकडे त्याच फळीवरची आणखी एखादी निघाली तर कृपा करून ती लावून बघू नका. तशीच ठेवा, आम्ही न्यायला येतो.

तुमचे,
माहितीपटाच्या कामावरचे आम्ही सर्व